'तारण' आणि 'केवळ कृपा' : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक पेच

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या परिसरात, किंबहुना धानाच्या साऱ्या मुलखात, 'तारण' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यापुढे प्रथम कर्ज उभे राहते. धान गोदामात ठेवायचे, त्यावर रक्कम उचलायची आणि व्याजासह फेड करून माल सोडवून आणायचा, असा हा व्यवहार आहे. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने मात्र आपल्या श्रद्धेचा गाभा याच शब्दात साठविला. 'मोक्ष' या शब्दामागे जन्ममरणाच्या फेऱ्याची कल्पना उभी असल्यामुळे तो मागे पडला आणि 'तारण' रूढ झाला. शब्दांची व्युत्पत्ती काहीही असो, वापरात त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. व्यवहारातील तारणात घेणाऱ्याने आधी काही ठेवावे लागते. पौलाच्या पत्रांतील तारणात घेणाऱ्याजवळ ठेवण्यासारखे काहीच नसते. कृपेच्या सिद्धान्ताचे मराठीत रक्षण करणे म्हणजे या दोन अर्थांमधले अंतर सांभाळणे होय.

हे रक्षण कोठे करावयाचे, हा वाङ्मयीन प्रश्न आहे. ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनात मूळ ग्रीकमध्ये नसलेला 'केवळ' या अर्थाचा शब्द घातला. त्यावर टीका झाली, तेव्हा १५३० मध्ये भाषांतरविषयक पत्र लिहून त्याने मुख्यतः जर्मन बोलीच्या स्वभावाचा आधार घेतला. मराठीला असा स्वतंत्र शब्द लागतही नाही. बायबल सोसायटीच्या प्रचलित अनुवादात इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात 'कृपेनेच' असे रूप येते. त्यातला 'च' मूळ ग्रीकमध्ये नाही. एका अक्षराने इतर सर्व साधने बाद होतात. परंतु हा 'च' जेथे 'तारण झाले' अशा वाक्यात येतो तेथेच तो खरा. 'तारण मिळविणे' हा प्रयोग आला की माणूस वाक्याचा कर्ता होतो आणि पुण्यसंचयाची जुनी कल्पना मागच्या दाराने आत शिरते. शब्द निर्दोष असूनही वाक्य सदोष असू शकते, याकडे मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) या कसोटीला लावणे अन्यायाचे ठरेल. जेझुइट कवीच्या मागे ट्रेंट परिषदेचा १५४७ चा निर्णय होता. कृपेवाचून आरंभच होत नाही हे त्या निर्णयाला मान्य असले, तरी माणसाच्या संमतीला त्यात स्थान आहे. कॅथलिक आणि ल्यूथरन पक्षांनी या वादावर संयुक्त घोषणापत्र काढले ते ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. 'वैकुंठ'सारखे शब्द स्टीफन्सनी निःशंकपणे योजले, एवढे येथे नोंदविणे पुरे.

खरा पेच पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांच्यात दिसतो. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. हिंदू दर्शनांचा वास येणारे शब्द टाळून साधी, बोलीजवळची मराठी वापरण्याचा त्यांचा कटाक्ष होता. म्हणजे रमाबाई शब्दांच्या वेशीवर पहारा बसवितात. या पहाऱ्यामागे अनुभव आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा. परंतु १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, त्यांना आधी ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, आणि स्वकर्तृत्वाचा भरवसा सुटायला मध्ये अनेक वर्षे जावी लागली. तरीही केडगावच्या त्यांच्या संस्थेचे नाव 'मुक्ती'! दर्शनांच्या परिभाषेतला इतका भारदस्त शब्द दारावरच उभा राहावा, यातून शब्दांच्या पहाऱ्याची मर्यादा कळते.

टिळकांनी पहारा उठविला. राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही १८९३ ची हकीकत सुपरिचित आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग याच गोंदियावरून जातो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांचा अभंग सोडला नाही. यामुळे कृपेचा सिद्धान्त पातळ झाला, असा आक्षेप घेता येईल. पण तो टिकणारा नाही. मांजरीने तोंडात उचललेल्या पिलाचा न्याय श्रीवैष्णवांच्या एका शाखेने कधीच मांडला होता. पिलू तेथे काही करीत नाही. वारकरी अभंगातही आईने उचललेले लेकरू आहे. कृपा ही ख्रिस्ती धर्माची एकट्याची मिरास नाही, हे रूडोल्फ ओट्टो यांनी १९३० मध्ये सविस्तर मांडले. त्यांना फरक दिसला तो निराळ्या ठिकाणी : एकीकडे संसारबंधातून सुटका, दुसरीकडे अपराधाची क्षमा.

म्हणून अभंगाचा धोका पुण्यवादाचा नव्हे. अभंगात कृपा ही नित्य उपलब्ध असणारी भाववृत्ती होते आणि ती इतिहासात एकदा, एका वधस्तंभावर घडली, ही गोष्ट विरघळते. 'अभंगांजली' वाचताना हे विरघळणे जाणवते. टिळकांनाही ते जाणवले असावे. एरवी आयुष्याच्या उत्तरार्धात 'ख्रिस्तायना'सारखे कथाकाव्य हाती घेण्याचे कारण दिसत नाही. भावकाव्याला जे धरून ठेवता येत नाही ते कथा धरून ठेवते. ते काव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही तेथे जागा होती. या दरबाराकडे बहुधा राष्ट्रीयत्वाच्या अंगाने पाहिले जाते. ते अपुरे आहे. बाप्तिस्मा ही प्रवेशाची अट झाली तर तो धानाच्या पोत्यासारखा होतो, आधी ठेवायचा ऐवज, ही टोकाची पण सुसंगत भूमिका दरबाराच्या रचनेतच आहे. मंडळीच्या बाजूने विचारता येणारा प्रश्नही तितकाच खरा : संस्कार आणि मंडळी नसतील, तर त्या एकदा घडलेल्या घटनेची आठवण कोणी जपायची? टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. प्रयोगाला दोन वर्षेही नीट मिळाली नाहीत, आणि या प्रश्नाला त्यांच्या काव्यात मिळते तेवढेच उत्तर आज हाती आहे.