रंगाला फसलं ते नाक: बोर्दोच्या एका पेपरचं वाचन

‘वाईनच्या तज्ज्ञांना लाल आणि पांढरी वाईनसुद्धा वेगळी ओळखता येत नाही’ हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. त्याचा उगम मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू यांच्या २००१ सालच्या, ‘ब्रेन अँड लँग्वेज’मधल्या पेपरात आहे. पेपर चांगला आहे, पण तो हे म्हणतच नाही.

त्यांनी पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला आणि ५४ जणांना दिली. तिच्या वासासाठी मुख्यतः लाल वाईनचे शब्द वापरले गेले. आता बारकाईने बघा. हे ५४ जण वाईनशास्त्राचे विद्यार्थी होते, मुरलेले परीक्षक नव्हेत. शिवाय त्यांनी तुलना केली ती वासाची. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लोच्या दणकट बोर्दो मिश्रणाची ओळख पटते ती टॅनिनमुळे, म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते तशा तुरटपणामुळे. तो प्रश्न इथे विचारलाच गेला नाही. आणि एक गोम: प्रत्येक शब्द दोनपैकी कोणत्या ग्लासला जास्त लागू पडतो, एवढंच निवडायचं होतं. समोर एक लाल आणि एक पांढरा ग्लास असेल, तर ‘चेरी’ तुम्ही कुठे टाकाल?

मला पेपरचा पहिला भाग जास्त पटतो. परीक्षकांच्या लिखाणातले शब्द मोजून त्यांनी दाखवलं, की लाल वाईनला लाल-काळ्या वस्तूंची नावं मिळतात, पांढरीला पिवळ्या-फिकट. बातम्यांत मात्र हा भाग गायब!

आपल्याकडे याचं काय? सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आहे, पण तासगावकडची द्राक्षं मुख्यतः खायची आणि बेदाण्याची, बिनबियांची. तुरटपणा येतो साल-बियांतून, त्यामुळे थॉमसनच्या जातीतून अशी रेड होणं अवघड. म्हणून ‘स्थानिक द्राक्ष, फ्रेंच चव’ असा विषय घेऊ नका. साठवणुकीचा घ्या. अशा वाईनला साधारण १२ ते १५ अंश तापमान लागतं, आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीच्या आसपास जातो. उष्णतेने बाटली लवकर म्हातारी होते, बूचही हलतं. मग एकाच लॉटमधल्या काही बाटल्या पंखाही नसलेल्या खोलीतल्या कपाटात आणि काही थंड जागी ठेवा, पावसाळ्यात उघडा. साताऱ्यातल्या एखाद्या दगडी वाड्यातलं तळघर मिळालं तर तो तिसरा गट, पण तिथलं तापमान रोज नोंदवा. ‘गार वाटतं’ ही नोंद नव्हे.

चाखताना काळे ग्लास वापरा. तीन ग्लास, त्यातले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने १२ जणांत सरासरी ४ जण बरोबर येतील. ७ आले तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर उतरत नाही, किमान ८ लागतात. आणि ‘कोणती आवडली’ हे त्यानंतर विचारा, आधी नाही.