अंतकाळाची भाकिते आणि मराठी वाचन : 'युग', 'पिढी' व 'वळीव' या तीन शब्दांच्या आधारे

प्रास्ताविक

ख्रिस्ती धर्मग्रंथातील अंतकाळविषयक भाकितांची चर्चा मराठीत बहुधा दोनच ठिकाणी आढळते. एक म्हणजे श्रद्धाळूंसमोरील प्रवचन आणि दुसरे म्हणजे 'जगबुडी' या शब्दाने सजवलेली बातमी. अमेरिकन प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २०११ साली प्रथम २१ मे आणि ती तारीख टळल्यावर २१ ऑक्टोबर असा जगाच्या अंताचा दिवस जाहीर केला होता. अशा प्रसंगी भाकिताची थट्टा होते, परंतु ज्या मजकुरावरून ते काढले तो मजकूर मात्र अवाचितच राहतो. 'जगबुडी' हा शब्दच येथे बोलका आहे. तो पाण्याचा प्रलय सुचवतो. पेत्राचे दुसरे पत्र तर पाण्याचा प्रलय होऊन गेला, यापुढचा अग्नीचा, असे मानते. म्हणजे मराठी वाचक या ग्रंथापाशी येतो तो स्वतःचा प्रलय बरोबर घेऊनच. ही भाकिते मराठी शब्दांत उतरताना त्यांतील काळाची कल्पना कशी पालटते, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन शब्दांच्या आधारे केला आहे.

मूळ अडचण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. जैतुनाच्या डोंगरावर शिष्य येशूला विचारतात की हे केव्हा होईल आणि त्याची खूण कोणती. उत्तरात लढाया, दुष्काळ, भूकंप यांचा उल्लेख येतो. पण हा केवळ प्रारंभ, अंत नव्हे, अशी पुस्तीही लगेच जोडलेली असते. सर्व राष्ट्रांत सुवार्ता पोहोचल्याखेरीज शेवट नाही, असे चौदाव्या ओवीत सांगितले आहे. चौतिसाव्या ओवीत मात्र हे सारे चालू पिढीच्या हयातीतच घडेल असे विधान येते आणि त्यानंतर दोनच ओव्यांनी तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही असे म्हटले जाते. मार्काच्या तेराव्या अध्यायात तर ते खुद्द पुत्रालाही ठाऊक नाही, असे स्पष्ट शब्दांत येते. मुदत दिली आहे आणि तारीख नाकारली आहे. सुमारे दोन हजार वर्षांची अर्थ लावण्याची परंपरा या दोन ओव्यांमधल्या अंतरात उभी आहे.

'युग' आणि अंत

शिष्यांच्या प्रश्नातील मूळ ग्रीक शब्द 'आयोन' हा आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने त्यासाठी 'जग' या अर्थाचा शब्द योजला. त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर पृथ्वीचा नाश उभा राहिला. मराठीतील प्रचलित 'पवित्र शास्त्रा'ने 'युगाची समाप्ती' असा पर्याय स्वीकारला. भाषाशास्त्रीय दृष्ट्या तो अधिक नेमका आहे, कारण 'आयोन' म्हणजे सृष्टी नव्हे, काळाचा एक मोठा टप्पा. परंतु 'युग' हा शब्द मराठीत एकटा येत नाही. त्याच्या मागेपुढे आणखी युगे असतात. पंचांगाप्रमाणे कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये झाला आणि त्याची लांबी ४,३२,००० वर्षे आहे. त्याच्या शेवटी कल्की येतो, आणि नंतर पुन्हा कृतयुग सुरू होते. या मापाने पाहणाऱ्याला युगान्ताची घाई वाटण्याचे कारण उरत नाही. ख्रिस्ती ग्रंथातील अंत मात्र एकदाच येणारा आणि उंबरठ्यावर उभा असलेला आहे.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंचे स्मरण अपरिहार्य ठरते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने बालपणापासून तीर्थक्षेत्री पुराणे सांगितली होती. भागवताच्या बाराव्या स्कंधातील कलियुगाचे व कल्कीचे वर्णन त्यांना अपरिचित असणे संभवत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू दर्शनांचा अर्थ वाहून आणणारे शब्द त्यांना खटकत. खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. हा निकष कठोरपणे लावला तर 'युग' या शब्दाकडेही संशयाने पाहावे लागेल. मात्र त्याला पर्याय काय, हा प्रश्न सोपा नाही. 'जग' म्हटले की इंग्रजीतील जुनी चूक मराठीत येते, आणि 'काळ' म्हटले की मृत्यू डोकावतो. 'युग' सदोष असले तरी तेच त्यातल्या त्यात प्रामाणिक भाषांतर होय.

'पिढी' : एक अडलेला शब्द

मत्तयाचे शुभवर्तमान मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेचे आहे. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये ते मराठीत छापले आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार प्रसिद्ध केला. या कामात त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकडील होते. त्या मराठीवर नागपुरी वळणाचा ठसा असल्याची टीका नंतर पुष्कळ झाली, आणि पश्चिम महाराष्ट्रातील अभ्यासकांनी ती काहीशा तुच्छतेने केली, हेही खरे. परंतु अंतकाळाचा हा अध्याय छापील मराठीत प्रथम उतरला तो एका नागपूरकर पंडिताच्या मदतीने, ही गोष्ट विदर्भातील वाचकाने विसरण्यासारखी नाही.

चौतिसाव्या ओवीतील ग्रीक शब्द 'गेनेआ' हा होय. प्रचलित मराठीत त्यासाठी 'पिढी' आहे. पिढी म्हणजे तीस-चाळीस वर्षे, आणि ती तर केव्हाच संपली. या पेचातून सुटण्यासाठी अनेक भाष्यकारांनी 'गेनेआ' म्हणजे 'वंश' अथवा 'जाती' असा अर्थ घेतला. १९०९ च्या स्कोफील्ड टीपायुक्त बायबलाने तो घरोघर पोहोचवला. यहुदी वंश नष्ट होण्यापूर्वी हे सर्व होईल, असा त्याचा आशय. हा मार्ग सोयीचा आहे, पण मजकूर त्याला साथ देत नाही. मत्तय आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या मोजतो, तेथे हाच शब्द आहे. अकराव्या अध्यायात बाजारात बसलेल्या मुलांची उपमा देताना समकालीन माणसांसाठी हाच शब्द येतो. तेविसाव्या अध्यायाच्या अखेरीसही तोच. चोविसाव्यात आल्यावर अचानक त्याने अर्थ बदलावा याला सोयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. मराठी वाचकाला हे पाहण्यासाठी ग्रीक यावे लागत नाही, कारण मराठीतही त्या ठिकाणी तोच शब्द ठेवलेला आहे.

मग उरतात दोन वाटा. पहिली अशी की भाकितातील 'हे सारे' म्हणजे यरुशलेमेचा विध्वंस. इसवी सन ७० मध्ये टायटसच्या सैन्याने मंदिर जाळले, ते येशूच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, म्हणजे एका पिढीच्या आतच. दुसरी वाट १९०६ साली अल्बर्ट श्वाइट्झर यांनी निर्भीडपणे मांडली. येशूची अपेक्षा खरोखरच नजीकच्या अंताची होती आणि ती पुरी झाली नाही, असे त्यांचे प्रतिपादन. पुढे सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये देवाचे राज्य येशूच्या कार्यातच येऊन पोहोचले होते असा अर्थ मांडला, तो सुंदर आहे, पण चोविसाव्या अध्यायातील सूर्य-चंद्र अंधारून जाण्याचे काय, हे त्याने फारसे सुटत नाही. बहुतेक अभ्यासक मत्तयाची रचना इसवी सन ७० नंतरची मानतात. ते मान्य केले तर एक लक्षणीय गोष्ट हाती येते. मंदिर पडून गेल्यावर, अंत न आल्यावरही लेखकाने ते वाक्य वगळले नाही. अडचणीचे वाक्य जपून ठेवणारा लेखक भोंदू नसतो.

आकडेमोड

भाकितांतून तारीख काढण्याची रीत मुख्यतः दानीएलच्या पुस्तकावर चालते. 'एक दिवस म्हणजे एक वर्ष' हे सूत्र गणना १४ व यहेज्केल ४ या अध्यायांतून उचलले जाते. विल्यम मिलर यांनी दानीएलच्या आठव्या अध्यायातील २३०० दिवस इसवी सनपूर्व ४५७ पासून वर्षे म्हणून मोजले आणि शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित झाला. तो आला आणि गेला. त्या निराशेतूनच अॅडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला, आणि त्याच पंथाची स्पायसर ही शिक्षणसंस्था १९४२ पासून पुण्यात आहे. अनेक अभ्यासक मात्र ते २३०० दिवस सकाळ-संध्याकाळच्या बळींची संख्या मानतात. म्हणजे ११५० दिवस होतात आणि ते इसवी सनपूर्व १६७ ते १६४ या अँटिओकस एपिफानेसच्या छळाशी जवळपास जुळतात. भूतसंख्येत शके वाचण्याची सवय असलेल्या परंपरेला प्रकटीकरणातील ६६६ या संख्येचेही फारसे गूढ वाटू नये. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते, त्यानुसार 'नेरोन कैसर' या नावाची बेरीज ६६६ भरते.

सृष्टीचे वय सहा हजार वर्षे आणि मग विसावा, हाही हिशेब जुना आहे. आर्चबिशप अशर यांचे इसवी सनपूर्व ४००४ हे सृष्टीवर्ष धरले तर अंत १९९६-९७ च्या सुमारास यायला हवा होता. या हिशेबाला नागपुरातच फार पूर्वी तडा गेला होता. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा चालवता चालवता त्यांनी टाकळी व मांगली येथील खडकांतून जीवाश्म गोळा केले आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ साली नागपूर परिसराच्या भूस्तरांवर निबंध प्रसिद्ध केला. एकाच माणसाच्या हाती धर्मग्रंथ होता आणि सहा हजार वर्षांत न मावणारा खडकही होता.

'वळीव' आणि मुक्ती

अंतकाळाच्या भाकितांचा महाराष्ट्रातील सर्वांत जिवंत प्रसंग केडगावच्या मुक्ती सदनात घडला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून निराधार मुली गोळा केल्या, १९०० मध्ये गुजरातेतून आणखी आणल्या. याच काळात मुंबई-पुण्यात प्लेग होता. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याचा भीषण भूकंप झाला, आणि रशिया-जपान युद्धही सुरूच होते. चोविसाव्या अध्यायातील खुणा शोधणाऱ्याला त्या वर्षी कशाचीच उणीव नव्हती. या मुलींसाठी तर दुष्काळ व रोगराई ही भाकिते नव्हती, त्यांच्या आयुष्यात घडून गेलेल्या गोष्टी होत्या. जूनच्या अखेरीस मुक्ती सदनात जे जागरण सुरू झाले त्यात मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत. तेथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली, आणि ती थेट चिलीपर्यंत पोहोचून तेथील पेन्टेकोस्टल चळवळीचे एक कारण ठरली.

त्या चळवळीच्या आरंभीच्या लेखनात अशा जागरणांना योएलच्या दुसऱ्या अध्यायातील 'शेवटचा पाऊस' मानले जाई. पहिला पाऊस म्हणजे पेन्टेकोस्ट, शेवटचा म्हणजे पीक कापण्यापूर्वीचा, अर्थात अंताची खूण. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही प्रभूच्या येण्याची वाट पाहणाऱ्याला हे दोन पाऊस पडेपर्यंत धीर धरणाऱ्या शेतकऱ्याची उपमा दिली आहे. प्रचलित मराठीत या दोहोंसाठी 'आगोटीचा' व 'वळवाचा' असे शब्द आहेत. शब्द अस्सल आहेत, मातीचा वास असलेले आहेत, पण येथे काळच उलटा होतो. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरण्यासाठी. महाराष्ट्रात वळीव चैत्र-वैशाखात विजांच्या कडकडाटासह येतो आणि आगोट त्याच्यानंतर, मृगाच्या तोंडावर. वळवाचे महिने जवळपास जुळतात, परंतु क्रम जुळत नाही. तिकडे जो पाऊस दाणा भरतो तो इकडे खळ्यावरचा गहू भिजवतो. 'वळणे' या धातूवरून परतीच्या पावसालाही हा शब्द लावता येईल, हे खरे. तरी विदर्भातल्या शेतकऱ्याच्या कानाला वळीव म्हणजे हंगामाचा शेवट ऐकू येणार नाही. त्याला त्यातून येऊ घातलेल्या पावसाळ्याची चाहूलच ऐकू येईल.

ही चूक मानावी की लाभ, याचा निर्णय सोपा नाही. भाकिताच्या दृष्टीने तो विपर्यास आहे. पण केडगावचे जागरण पडले ते आगोटीच्या दिवसांत आणि पुढे जे घडले तेही पेरणीसारखेच होते. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. शेती, विहिरी, छापखाना, शाळा हे सारे चालू राहिले. अंत जवळ आहे असे मानणारी व्यक्ती इतक्या दीर्घ पल्ल्याचे काम अंगावर घेत नाही, असा युक्तिवाद यावरून करण्याचा मोह होतो. तो मात्र आवरायला हवा. चौदाव्या ओवीनुसार सर्व राष्ट्रांत सुवार्ता पोहोचल्यावरच शेवट येणार असेल, तर खेड्यातल्या बाईला कळणारे मराठी बायबल ही त्या शेवटाचीच तयारी ठरते. वर्षानुवर्षे चालणारा भाषाव्यासंग आणि नजीकच्या अंताची अपेक्षा यांत तेव्हा विरोध राहत नाही.

भाषांतर पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवण्याचे काम मुक्ती सदनातल्याच स्त्रियांनी केले. मत्तयाचा चोविसावा अध्यायही त्यांच्याच हातांखालून गेला, आणि त्यातला दुष्काळ वाचण्यासाठी त्या सदनातील कित्येकींना भाष्यकाराची गरज नव्हती.