वन्य की मोकाट?

मार्गरीट हेन्री यांची 'मिस्टी ऑफ चिंकोटीग' (१९४७) ही अमेरिकी किशोरकादंबरी वादळात फुटणाऱ्या स्पॅनिश गलबतापासून सुरू होते. गलबतातली तट्टे पोहत अ‍ॅसाटीग बेटाला लागतात आणि पुढे रानटी होतात. व्हर्जिनिया-मेरिलंडच्या किनाऱ्यालगतचे हे लांबट बेट त्या क्षणापासून वाचकाच्या मनात निर्मनुष्य होऊन बसते. कादंबरीची गफलत मला इथेच दिसते.

दुसरी हकिगत एवढी देखणी नाही. सतराव्या शतकातल्या वसाहतवाल्यांनी कर आणि कुंपणाचे कायदे चुकवण्यासाठी आपली जनावरे बेटावर सोडली, असे ती सांगते. अशा जनावरांसाठी मराठीत नेमका शब्द आहे: मोकाट. मोकाट जनावराला दावे नसते, पण धनी असतो. 'वन्य' म्हटले की तो धनी गडप होतो.

हैतीतल्या प्वेर्तो रेआल या जुन्या स्पॅनिश वसाहतीत मिळालेल्या घोड्याच्या दाताचे जनुकीय विश्लेषण २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे जवळचे नाते चिंकोटीगच्या तट्टांशी निघाले. हेन्री खऱ्या ठरल्या, असे म्हणण्याचा मोह होतो खरा. पण दात कूळ सांगतो, वाट सांगत नाही. स्पॅनिश कुळाची घोडी वसाहतवाल्यांच्या दावणीलाही असू शकतात.

आज राज्यांच्या सीमेवरचे कुंपण बेटावरचे दोन कळप वेगळे ठेवते. मेरिलंडचा कळप राष्ट्रीय उद्यान सेवा सांभाळते, संख्या आटोक्यात राहावी म्हणून घोड्यांना संततिप्रतिबंधक लसही तिने दिलेली आहे. व्हर्जिनियाचा कळप चिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा. दर जुलैत तो खाडीतून पोहवत आणतात आणि शिंगरांचा लिलाव होतो.

हा बाजार हेन्रींना ठाऊक होता. किंबहुना कादंबरीचा कसदार भाग तोच आहे. पॉल आणि मॉरीन ही भावंडे फँटम नावाच्या घोडीसाठी शंभर डॉलर जमवतात. शिंपले गोळा करतात, आजोबांची शिंगरे माणसाळवतात. गलबताच्या प्रकरणात नसलेला घाम इथे आहे. लिलावाच्या दिवशी पोटात येणारा गोळाही.

प्रत्यक्षातली मिस्टी मात्र १९४६मध्ये बीबी कुटुंबाच्या गोठ्यावर जन्मली. कादंबरीत ती आईमागून खाडी पोहते, तसे तिने कधी केले नाही. हेन्रींनी तिला दीडशे डॉलरना विकत घेतले. शेवटी पॉल फँटमला बेटाकडे सोडून देतो तेव्हा माझेही डोळे पाणावतात. पण ती परत जाते त्या बेटावरही मालकी आहेच, आणि मिस्टी तर चिंकोटीगलाच राहते.