'सुटका' झाली म्हणजे नेमकं काय झालं?

पनवेल परिसरातल्या बार आणि लॉजवरच्या छाप्यांच्या बातम्या मी बरीच वर्षं वाचतेय. एक वाचली की पुढची वाचायची गरज उरत नाही, इतका त्यांचा साचा पक्का आहे. बनावट ग्राहक पाठवला जातो, खात्री पटते, पंचांसमक्ष छापा पडतो, 'रॅकेटचा पर्दाफाश' होतो. आणि शेवटी येतं : इतक्या महिलांची सुटका करून त्यांची सुधारगृहात रवानगी करण्यात आली.

हे वाक्य इतकं रुळलंय की त्यातला विसंवाद आपल्याला खटकत नाही. सुटलेल्या माणसाची रवानगी कशी होईल? तुरुंगातून सुटलेला माणूस घरी जातो. ही सुटलेली बाई पोलिसांच्या गाडीत बसते आणि जिथून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही अशा इमारतीत जाते. तिला सुटायचं होतं का, हा प्रश्न बातमीत नसतो. कधीकधी तिला खरंच सुटायचं असतं. कुणीतरी फसवून आणलेलं असतं, डांबून ठेवलेलं असतं. पण दोन्ही बायकांसाठी शब्द एकच, आणि त्यामुळे दोघींवरही अन्याय.

या लेखात मला पुस्तक किंवा सिनेमाइतकंच कायद्याचं वाचन करायचंय. कारण बारमध्ये नाचणारी, लॉजवर सापडलेली किंवा मोबाइलवर 'एस्कॉर्ट' म्हणून जाहिरात करणारी बाई आपल्यापर्यंत पोचते ती अशा मजकुरातूनच. माझं म्हणणं थोडक्यात असं : तिच्याबद्दल जिथे मोठे शब्द वापरले जातात तिथे तिच्या हातात काही पडत नाही. तिच्या हक्काचं जे काही आहे, ते सगळ्यात रुक्ष, कंटाळवाण्या वाक्यांमध्ये आहे.

सुरुवात पनवेलपासूनच करायला हवी. मार्च २००५ मध्ये पनवेलचे तेव्हाचे शेकाप आमदार विवेक पाटील यांनी रायगडातल्या डान्सबारचा प्रश्न विधानसभेत मांडला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आधी मुंबईबाहेरच्या डान्सबारवर बंदी जाहीर केली, मग ती राज्यभर झाली. विधेयक एकमताने मंजूर झालं आणि १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, लागू झालं. कारण दिलं गेलं स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं आणि सार्वजनिक नीतिमत्तेचं. मात्र कलम ३३ब मध्ये तारांकित हॉटेलं आणि जिमखान्यांना सूट होती. म्हणजे प्रतिष्ठा कुठे धोक्यात येते, हे हॉटेलच्या ताऱ्यांवर ठरणार होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यात हा भेदभाव हा एक मुख्य मुद्दा होता.

पुढे २०१६ चा कायदा आला. त्याच्या लांबलचक नावात अश्लील नृत्याला प्रतिबंध आहे आणि तिथे काम करणाऱ्या महिलांच्या 'प्रतिष्ठेचं संरक्षण'ही आहे. पण 'अश्लील' ची व्याख्या वाचा. प्रेक्षकांची वासना 'केवळ' चाळवण्यासाठी रचलेला नाच, असा तिचा गाभा आहे. सगळा भार त्या 'केवळ' वर. नाच थोडा पोटासाठी असेल, थोडा गाण्यासाठी, थोडा गिऱ्हाइकासाठी, तर? रात्री अकरा वाजता त्या 'केवळ' चं वजन करतो तो छाप्याला आलेला अधिकारी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीसीटीव्हीची सक्ती, शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतर, दारूबंदी अशा अटी काढून टाकल्या, पण ही व्याख्या ठेवली.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेकापच्याच व्यासपीठावरून, पनवेलमध्येच, राज ठाकरे यांनी शिवरायांच्या राजधानीच्या जिल्ह्यातले डान्सबार हा विषय काढला. त्या रात्री पनवेलमधला एक बार फोडला गेला. वीस वर्षांत मधल्या एकाही निकालाचा भाषणांवर ओरखडाही उमटला नाही. संस्कृती, राजधानी, अस्मिता, सगळं त्यात होतं. काचा फुटल्या तेव्हा आत कामावर असलेल्या माणसांचा उल्लेख कुठल्या भाषणात नव्हता.

कलाकृतींनी तरी वेगळं काय केलं? 'चांदनी बार' (२००१) हा मधुर भांडारकरांचा सिनेमा मला आजही ताकदीचा वाटतो, मुख्यतः तब्बूमुळे. पण त्याची मांडणी नियतीची आहे. मुलाला पोलिसांच्या तावडीतून सोडवायला पैसे हवेत म्हणून शेवटी मुलगीही बारमध्ये नाचते. आपण हळहळतो आणि हळहळणं पुरेसं मानतो. पोलिसांना पैसे द्यावेच लागतात, हे सिनेमा पावसासारखं निसर्गाचं सत्य म्हणून दाखवतो. सोनिया फलेरो यांचं 'ब्यूटिफुल थिंग' (२०१०) हे इंग्रजी पुस्तक इथे उजवं ठरतं. मीरा रोडच्या बारमध्ये नाचणारी त्यातली लीला बोलते, बढाया मारते, हिशेब मांडते. बंदी आल्यावर तिचं जग कसं कोसळतं हेही दिसतं. तिथे ती निदान वाक्याचा कर्ता आहे.

आता तो रुक्ष मजकूर. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६. पोलिसांच्या आणि बातम्यांच्या भाषेत 'पीटा'. आधी त्यातला सापळा पाहू. सज्ञान बाईने स्वेच्छेने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा या कायद्यात गुन्हा नाही. पण त्याच्या चारी बाजूंना गुन्हे आहेत. कुंटणखाना चालवणं गुन्हा, आणि दोन बायकांनी एकमेकींच्या फायद्यासाठी एक खोली वापरली तरी तो कुंटणखाना. तिच्या कमाईवर जगणारा सज्ञान माणूस गुन्हेगार. सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला बोलावणं गुन्हा. देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणं गुन्हा. जुन्या पनवेलच्या दाटीत अशी जागा शोधून दाखवा. एकटी राहा, कुणाला पोसू नका, कुणाला बोलावू नका, मग तुम्ही कायदेशीर. 'कायद्याचा करडा प्रदेश' म्हणतात तो हा.

कलम १७ तर कादंबरीकाराने वाचावं असं आहे. छाप्यातून आणलेल्या व्यक्तीचं वय, चारित्र्य, पूर्वेतिहास आणि तिला ताब्यात घ्यायला आईवडील किंवा नवरा 'योग्य' आहेत का, याची चौकशी करायला ते सांगतं. चाळीस वर्षांच्या बाईचीही. त्यानंतर १ ते ३ वर्षं संरक्षणगृह. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशा तीन सज्ञान महिलांना सोडण्याचा आदेश देताना स्पष्ट केलं की, वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे. 'सुटका' हा शब्द मला इथे पहिल्यांदा बरोबर अर्थाने वापरता येतो.

पण याच कायद्यात कलम १५ आहे. त्यानुसार छाप्याला दोन पंच हवेत आणि त्यांत एक बाई हवी. सोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात. बाईची चौकशी महिला पोलीसच करेल, ती नसेल तर मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या महिला सदस्यासमोर. याला राज्यघटनेचं कलम २२ जोडा : अटकेचं कारण सांगावं लागतं, पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यावं लागतं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही हेच सांगते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना किंवा तिने सांगितलेल्या व्यक्तीला कळवणं, हे सगळं बंधनकारक.

या वाक्यांत प्रतिष्ठा हा शब्द नाही. नैतिकता नाही, दया नाही. 'दोन', 'किमान', '२४ तास' असे मोजता येणारे शब्द आहेत. आणि जे मोजता येतं ते मोडलं तर दाखवता येतं.

मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुराबद्दलही बोलायला हवं. १९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'आता पोलीस हातच लावू शकत नाहीत' असा संदेश सगळीकडे पसरला. आदेशात समितीच्या शिफारशी आहेत आणि केंद्राने त्यांतल्या काहींवर हरकत घेतली होती. सज्ञान, स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, छाप्यात तिला अटक करू नये, या हरकत घेतलेल्यांपैकी. त्या तेव्हा बंधनकारक झाल्या नाहीत. बंधनकारक झालं ते वेगळं : पोलिसांनी शिवीगाळ, मारहाण, जबरदस्ती करायची नाही, लैंगिक अत्याचार झाला तर तिला इतर कुठल्याही पीडितेसारखीच मदत मिळाली पाहिजे, कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा मानायचा नाही, सुधारगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान महिलांचा आढावा घ्यायचा, माध्यमांनी तिची ओळख उघड करायची नाही. हौशी वाचनाने हक्क वाढत नाहीत. ठाण्यात चुकीचा संदेश दाखवणाऱ्या बाईला हसं ऐकावं लागतं, आणि तिच्याकडचा खरा हक्क तिच्या तोंडून निघायच्या आधीच विरतो.

मराठी लेखकांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. तिला देवी करू नका, बळी करू नका, संस्कृतीच्या वादात उभी करू नका. पुढच्या गोष्टीत छापा पडला तर तिला एवढंच विचारू द्या की दुसरी महिला पोलीस कुठे आहे. आणि उत्तर येईपर्यंत तिला त्या पानावर उभी राहू द्या.