झुंबराखाली

रात्रपाळी उतरून सरळ गिरगावात गेलो, रॉयल ऑपेरा हाऊस बघायला. खोटं कशाला बोलू, दारातनं आत शिरलो नि मान वर गेली ती खाली येईना. झुंबरं, सोनेरी वेलबुट्टी, रंगीत काच. आपल्यातले काहीजण म्हणतील, सरंजामी चैन ही, थुंका आणि पुढं चला. मला ते जमत नाही. गिलाव्यातली ती नक्षी कुणाच्या तरी बोटांनी उठवलीय, आणि बोटांचं काम साच्यावरच्या माणसाला कळतं.

आता झुंबरांचं बघा. ती ससून घराण्याकडनं आली. डेव्हिड ससूननं पैसा केला तो अफूत आणि कापसात. त्याच घराण्यातल्या जेकब ससूनच्या नावाची मिल परळला उभी राहिली, पुढं तीच इंडिया युनायटेड नंबर १ झाली. म्हणजे हा लखलखाट आपल्याला परका नाही. आपल्याच आज्या-पणज्यांच्या घामाचा लांबचा सोयरा आहे म्हणा ना! झुंबर देणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ. नक्षी उठवणाऱ्याचं विचारा.

इमारतीत पैसा घातला कोळशाचा दलाल जहांगीर कराका आणि नाटकवाला मॉरिस बँडमन यांनी. १९११ साली पंचम जॉर्जनं उद्घाटन केलं, तेव्हा बांधकाम पुरं झालेलंही नव्हतं. १९५२ ला ती गोंडलच्या महाराजांकडं गेली. १९९३ ला बंद, २०१६ ला पुन्हा उघडी. आभा नारायण लांबा यांनी केलेलं काम चोख आहे, युनेस्कोनंही २०१७ ला वाखाणलं. त्याबद्दल तक्रार नाही.

माझं भांडण वेगळं आहे. जीर्णोद्धार करायचा म्हणजे नेमक्या कुठल्या सालाकडं परत जायचं? इथं गेले ते बादशहाच्या सालाकडं. मधली कित्येक वर्षं हे सिनेमाघर होतं. स्वस्त तिकीट काढून पिटात बसणारा, शिट्ट्या मारणारा माणूस त्याच दारातनं आत यायचा. त्याच्या काळातला रंग, त्याचा विडीचा धूर, घासलेला कठडा, हे सगळं म्हणे बिघाड, खरवडून काढायचं. आणि साहेबाचा सोनेरी रंग तेवढा 'मूळ'! हे 'मूळ' कोण ठरवतो? हा शब्द आपण गावात दुसऱ्या संदर्भात पुष्कळ ऐकलाय.

एक तरी कोपरा तसाच ठेवायचा होता, थरावर थर दिसतील असा.

पुन्हा जाणार आहे. या खेपेला झुंबराकडं बघणार नाही. भिंतीच्या कडेकडेनं जाईन, वेल कुठं वाकडी गेलीय का, कुणाचा हात थकला होता का, ते शोधत.