एरिकच्या माडीवर: दोन अनोळखी माणसांचा अल्बम

१९८२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'म्यूट' या छोट्या कंपनीने 'याझू' नावाच्या जोडीचा 'अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स' हा अल्बम बाजारात आणला. सिंथेसायझर हाताळणारा व्हिन्स क्लार्क आणि गाणारी अ‍ॅलिसन मॉयेट, अशी दोघांचीच ही जोडी. अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. तेव्हापासून आजवर त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात एक सूत्र हमखास येते: यंत्रे थंड, आवाज ऊबदार, आणि या दोन टोकांच्या भेटीत अल्बमची जादू. सूत्र सुटसुटीत आहे. कानाला ते पटत नाही, आणि अल्बम घडला कसा हे पाहू गेल्यास त्यातला अन्यायही दिसू लागतो. तो अन्याय दोघांवरही आहे. पण मॉयेटच्या वाट्याला अधिक आला आहे.

सत्तरीच्या अखेरीस सिंथेसायझर स्वस्त झाले. पूर्वी मोठ्या स्टुडिओत किंवा श्रीमंत वादकाच्या घरीच दिसणारे हे वाद्य विशीतल्या मुलांच्या आवाक्यात आले आणि गिटार व ड्रम यांच्यावाचूनही गाणे उभे राहू शकते हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून जे संगीत निघाले ते सिंथ-पॉप. क्लार्क त्याच्या पहिल्या फळीतला. लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात, महायुद्धानंतर वसवलेल्या बॅझिल्डन या गावात तो वाढला. 'डीपेश मोड' हा वाद्यवृंद उभा करणाऱ्यांत होता. त्यांच्या 'स्पीक अँड स्पेल' (१९८१) या पहिल्या अल्बममधली दोन वगळता सर्व गाणी त्याची. त्याच वर्षाच्या अखेरीस, यश नुकते दारात आलेले असताना, तो बाहेर पडला. वय एकवीस.

मॉयेट त्याच गावची, त्याच्याहून वर्षभराने लहान. ती पंक संगीतातून आली होती आणि आता तिला ब्लूज गायचे होते. आपल्यासारखीच आवड असलेले वादक हवेत अशी जाहिरात तिने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात दिली. फोन आला तो क्लार्कचा. त्याच्याकडे 'ओन्ली यू' हे गाणे तयार होते आणि त्याचे नमुन्यादाखल ध्वनिमुद्रण करायला गळा हवा होता. म्हणजे एकीला वाद्यवृंद हवा होता आणि दुसऱ्याला एका गाण्यापुरता आवाज. एकमेकांना हवे ते दोघांकडेही नव्हते. जोडीचे नावही या विसंगतीची आठवण ठेवते: 'याझू' ही जुन्या ब्लूज ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध करणारी अमेरिकन कंपनी. सिंथेसायझरवाल्या जोडीने ते नाव घेतले आणि पुढे अमेरिकेत त्यांना 'याझ' एवढ्यावरच भागवावे लागले.

शीर्षकातला एरिक म्हणजे एरिक रॅडक्लिफ. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला सदर्क भागात, महायुद्धातल्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेल्या ऑल हॅलोज चर्चच्या उरलेल्या भागात त्याचा ब्लॅकविंग स्टुडिओ होता. 'स्पीक अँड स्पेल' तिथेच मुद्रित झाला होता. पण या वेळी स्टुडिओच्या दिवसभराच्या वेळा 'म्यूट'च्याच फॅड गॅजेट या कलाकाराने घेतलेल्या होत्या. मग क्लार्क आणि मॉयेट पहाटे येत, दिवसपाळी सुरू होण्याआधी काम उरकत. दुसऱ्याच्या उरलेल्या वेळात घडलेला हा अल्बम आहे. रॅडक्लिफ ध्वनियंत्रणा सांभाळत होता आणि सहनिर्माताही होता. अल्बमच्या नावात असूनही समीक्षेत त्याचा उल्लेख जाता जाता होतो, हे मला खटकते. दोन अबोल माणसे एका खोलीत काम करतात तेव्हा तिसरा माणूस नुसती बटणे फिरवत नसतो.

आता यंत्रांकडे वळू. क्लार्कच्या या काळातल्या कामात 'प्रो-वन'सारखे सिंथेसायझर दिसतात, जे एका वेळी एकच स्वर देतात. पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबून जो स्वरगुच्छ मिळतो तो इथे मिळत नाही. एकेक स्वरओळ स्वतंत्र रचायची, ती टेपवर घ्यायची, तिच्यावर दुसरी घ्यायची, असे काम. त्या वर्षांत त्याच्या हाताशी असलेला रोलँडचा एमसी-४ हा सिक्वेन्सर तर वाजवायचाच नसतो. कोणता स्वर, पुढचा स्वर किती अंतराने, त्यातला किती काळ तो ऐकू यावा, हे सगळे आकड्यांच्या पट्टीवरून भरायचे. हिशेबनिसाचे काम म्हणा हवे तर. या पद्धतीत दाट, भरीव असे काही आपोआप मिळत नाही. प्रत्येक ओळीला स्वतःच्या हिमतीवर उभे राहावे लागते. त्यामुळे या अल्बममध्ये ओळी एकमेकींत विणलेल्या आहेत आणि मध्ये भरपूर हवा आहे.

गाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही अवस्था फार कठीण. आपला कान साथीला सरावलेला आहे. गायिका थबकली की पेटीवाला थबकतो, तिने जागा घेतली की तो तिच्या मागे जातो, तबलजी समेची वाट राखतो. सिक्वेन्सर कोणाच्या मागे जात नाही. त्याला गाणारी दिसतच नाही. मॉयेटने यावर काढलेला मार्ग ऐकण्याजोगा आहे. ठेका हलणार नाही हे गृहीत धरून ती त्याच्या किंचित मागे रेंगाळते आणि ओळीच्या शेवटी त्याला गाठते. ठेका जेवढा कडक, तेवढे तिचे रेंगाळणे स्पष्ट कळते. 'डोन्ट गो'मध्ये हा खेळ उघड आहे. आणि त्या गाण्यातली विनवणी कोण करते? सुरुवातीची ती सिंथेसायझरची टोकदार ओळ, जी ऐकताक्षणी गाणे ओळखू येते, ती आवाजाहून अधिक उतावीळ आहे. मॉयेट तिच्यापुढे जवळजवळ संयमी वाटते. थंड कोण आणि ऊबदार कोण, हे ठरवणे तिथेच अवघड होऊन बसते.

याहून मोठा पुरावा गाण्यांच्या श्रेयनामावलीत आहे. मूळ ब्रिटिश अल्बमवर अकरा गाणी आहेत. सात क्लार्कची, चार मॉयेटची. अल्बममधले सर्वांत हळवे गाणे 'ओन्ली यू'. ते लिहिले यंत्रवाल्याने. मुळात हा मुलगा सायमन आणि गारफंकेल यांचा चाहता, गिटारवर गाणी बांधणारा. एकल ध्वनिमुद्रिका म्हणून 'ओन्ली यू' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी 'फ्लाइंग पिकेट्स' या मंडळींनी ते एकाही वाद्याविना, निव्वळ गळ्यांनी गायले आणि १९८३च्या नाताळात ते पहिल्या क्रमांकावर होते. क्लार्कच्या यंत्रओळी माणसांच्या गळ्यांत इतक्या सहज बसल्या, कारण त्या रचल्याच गेल्या होत्या गळ्यासारख्या: एका वेळी एक स्वर, एक श्वास.

उलट अल्बमचा शेवट करणारे 'ब्रिंग युअर लव्ह डाउन' हे वेगवान, नाचरे गाणे मॉयेटचे. 'गुडबाय सेव्हन्टीज'ही तिचेच, सरलेल्या दशकाला धारदार, वैतागलेला निरोप. 'मिडनाइट'मध्ये तिचा ब्लूज सरळ समोर येतो. आणि 'विंटर किल्स' तर साऱ्या अल्बममधले सर्वांत गारठलेले गाणे. विरळ पियानो आणि खाली, जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर ठेवलेला आवाज. थंडपणा हवा असेल तर तो इथे आहे, आणि तो त्या 'ऊबदार' गायिकेने आणला आहे. तिला नुसता 'आवाज' म्हणणारे समीक्षक या चार गाण्यांचे काय करतात? बहुतेक करून काहीच करत नाहीत. पुरुष रचतो आणि बाई त्यात जीव ओतते, ही जुनी वाटणी यंत्राच्या निमित्ताने पुन्हा नव्याने मांडली गेली, एवढेच.

सगळे सोने आहे असे मात्र नाही. 'आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी' हा बोललेल्या शब्दांच्या तुकड्यांचा खेळ एकदा ऐकावा आणि पुढे जावे. दुसऱ्यांदा त्यात काही सापडत नाही. 'इन माय रूम'मध्ये हीच तऱ्हा वेगळी उतरते. तिथे ख्रिस्ती प्रार्थना पुटपुटणारा क्लार्कचा सपाट आवाज आणि मॉयेटचे गाणे एकमेकांची दखल न घेता शेजारी शेजारी चालतात. एकाच खोलीत दोन माणसे वेगवेगळ्या तंद्रीत बसावीत तसे. मुखपृष्ठावरही टेबलाशी बसवलेले, अर्ध्यातून तुटलेले दुकानी पुतळे आहेत.

'सिच्युएशन' या गाण्याची गोष्ट वेगळीच. दोघांनी मिळून लिहिलेले हे गाणे. 'ओन्ली यू'च्या ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू भरण्यासाठी ते वापरले गेले, मूळ ब्रिटिश अल्बमवर ते नव्हतेच. फ्रान्स्वा केव्होर्कियन या न्यूयॉर्कच्या डीजेने त्याची नवी जुळणी केली आणि १९८२मध्येच ते अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिले आले. त्याच्या आरंभी मॉयेट हसते. ते हसू पुढे अनेकांनी कापून आपापल्या गाण्यांत चिकटवले. नव्वदीत आपल्याकडच्या गॅदरिंगांत आणि लग्नांत 'माकारेना'वर हात नाचवलेल्यांनी ते ऐकले आहे: 'बेसाइड बॉइज'नी केलेल्या त्या गाजलेल्या आवृत्तीतले बाईचे हसणे मॉयेटचे आहे. म्हणजे ज्या आवाजाला सारे यंत्राविरुद्धचा माणूस म्हणत होते, तोच शेवटी बटण दाबले की वाजणारा ध्वनी झाला. आणि तरीही ते हसू कोणाचे हे जाणकार कानाला चटकन कळते.

जोडी टिकली जेमतेम दीड वर्ष. दुसऱ्या अल्बमचे काम सुरू झाले तेव्हा दोघे स्टुडिओत वेगवेगळ्या वेळी येत; एकाने आपले भाग घ्यायचे आणि जायचे, मग दुसरीने यायचे. 'यू अँड मी बोथ' असे नाव आणि मुखपृष्ठावर झुंजणारे दोन डाल्मेशियन कुत्रे. १९८३च्या जुलैमध्ये तो आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा जोडी मोडलेली होती. भांडणाचे कारण शोधण्यात अर्थ नाही. विशीतली दोन बुजरी माणसे, ज्यांची मैत्री व्हायच्या आधीच त्यांची गाणी घराघरात पोचली, त्यांच्यात बोलणे उरले नाही, यात नवल कसले?

क्लार्कने मग रॅडक्लिफला बरोबर घेऊन 'द असेंब्ली' काढले. दर गाण्याला नवा गायक अशी त्याची कल्पना होती; फिअर्गल शार्कीने गायलेले 'नेव्हर नेव्हर' हे एकच गाणे गाजले आणि बेत तिथेच थांबला. १९८५मध्ये या वेळी जाहिरात त्याने दिली, त्याच 'मेलडी मेकर'मध्ये. तिला उत्तर देणारा अँडी बेल मॉयेटच्या गाण्याचा भक्त होता, आणि 'इरेझर' ही त्यांची जोडी पुढे अनेक दशके चालली. मॉयेटने १९८४मध्ये 'आल्फ' हा स्वतःचा अल्बम केला. ती आणि क्लार्क पुन्हा एका रंगमंचावर उभे राहिले ते २००८मध्ये. दुसऱ्या अल्बमची गाणी श्रोत्यांसमोर एकत्र वाजवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती.