पगारी रजेचा कायदा : कोराडीतील कंत्राटी कामगाराच्या संदर्भात एक चिकित्सा

पगारी रजा ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराने श्रमातून अगोदरच मिळविलेला मोबदला आहे, ही भूमिका भारतीय कायद्याने बरीच उशिरा स्वीकारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील प्रौढ कामगारास वर्षभराच्या सेवेनंतर १० दिवसांची पगारी सुटी मिळाली. कारखाने अधिनियम, १९४८ ने २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा हे प्रमाण आणले आणि १९५४ च्या दुरुस्तीने वर्षात किमान २४० दिवस काम ही अट घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ने ही अट १८० दिवसांवर आणली. प्रमाण मात्र तेच राहिले.

कोराडीचे औष्णिक विद्युत केंद्र १९७० च्या दशकापासून वीज निर्माण करीत आहे. आज तेथे ६६० मेगावॅटचे ३ संच आहेत. जगदंबेच्या नवरात्रात गावात भाविकांची रीघ लागते, तेव्हाही केंद्रातील पाळ्या थांबत नाहीत. अशा उद्योगात एकाला रजा देणे म्हणजे दुसऱ्याला पाळीवर आणणे. कोळसा हाताळणी, राखेची वाहतूक, साफसफाई ही कामे औष्णिक केंद्रांत बहुधा कंत्राटदारांमार्फत होतात आणि रजेच्या कायद्याची खरी कसोटी तेथेच लागते.

१९४८ च्या अधिनियमाची शब्दरचना याबाबत पुरेशी उदार होती. कंत्राटदारामार्फत आलेला मनुष्यही तिच्या व्याख्येत ‘कामगार’च होता. कलम ७९ मधील २४० दिवस ‘कारखान्यात’ काम केलेले असावेत एवढीच अपेक्षा होती. ते एकाच मालकाकडे भरावेत असे कलम म्हणत नव्हते. समजा, एखाद्याने जून अखेरपर्यंत एका कंत्राटदाराकडे १४० दिवस आणि निविदा बदलल्यावर त्याच केंद्रात दुसऱ्याकडे १४० दिवस काम केले. कारखाना धरला तर २८० दिवस, म्हणजे १४ दिवसांची रजा होते. हजेरीपट धरले तर दोन्ही ठिकाणी २४० भरत नाहीत. सेवा संपताना न घेतलेल्या रजेचे वेतन देण्याची तरतूद त्याच कलमात होती व त्यासाठी २४० दिवस पूर्ण होण्याचीही गरज नव्हती, हे येथे नोंदविले पाहिजे. परंतु त्या तरतुदीने पैसा मिळतो, विश्रांती मिळत नाही. शिवाय माणूस तोच आणि फाटकही तेच असल्याने त्याची सेवा ‘संपली’ असे मानण्यास जुना कंत्राटदार सहसा तयार नसतो. नवा कंत्राटदार मागचा हिशेब आपला मानीत नाही.

रजेच्या अर्जाची तरतूद तर अधिकच बोलकी होती. साधारण कारखान्यात १५ दिवस आधी अर्ज पुरे; वीजपुरवठ्यासारख्या लोकोपयोगी सेवेत मात्र ३० दिवस आधी तो करावा लागे, आणि रजा वर्षातून ३ वेळांपेक्षा अधिक हप्त्यांत घेता येत नसे. आजारपणासाठी या मुदतीतून सूट होती. घरातील मृत्यूला ती नव्हती. ताप कायद्याला समजत होता, सुतक समजत नव्हते! (व्यवहारात पर्यवेक्षक अशा वेळी डोळेझाक करतात, हे खरे, पण तो पर्यवेक्षकाचा चांगुलपणा झाला, कामगाराचा हक्क नव्हे.)

नव्या संहितेने पात्रता सैल केली हे स्वागतार्हच आहे. तरीही १८० दिवसांवर रजा पडते ९ दिवसांचीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या १३२ व्या करारात किमान ३ आठवड्यांची अपेक्षा आहे आणि भारताने तो करार स्वीकारलेला नाही. अर्ज करूनही नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेविना पुढे नेता येते, ही तरतूद मोलाची आहे. याउलट, वर्षाअखेरीस मागणी केल्यास रजेचे रोख वेतन देण्याची सोय संशयास्पद वाटते. तुटपुंज्या मजुरीवर जगणाऱ्याची ‘मागणी’ कितपत स्वेच्छेची असते? पुढील निविदेत आपले नाव राहावे म्हणून तो रजेऐवजी रोखीवर सही करील, ही शक्यता मसुदाकारांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

याहून मूलभूत उणीव नोंदीची आहे. रजेचा हिशेब कंत्राटदाराच्या वहीत राहतो आणि कंत्राटदार वहीसह निघून जातो. कामगार मात्र रोज केंद्राच्याच प्रवेशद्वारातून आत जातो. तेथील नोंद केंद्राच्या ताब्यात असते, आणि कंत्राटदार बदलला तरी तिचे पान बदलण्याचे कारण नाही. रजेचे दिवस त्या नोंदीवरून मोजण्यास संहितेचे कोणतेही कलम आड येत नाही.